थोरलीचं तोंड

बायजाच्या डोळ्यांवर काळ्या वाट्यांचा चष्मा बसवून झाला आणि क्लिनिकमधली मुलगी सत्यवतीकडे वळून म्हणाली, "आजी, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा हां. दिवा डोळ्यांना लागतो."

सत्यवतीनं मांडीवरची बायजाची पर्स सावरली आणि स्टूल फिरवलं. समोर भिंतीवर एकाच बाईचे दोन फोटो होते, डाग असतानाचा आणि डाग गेल्यानंतरचा. ती बघत फोटोंकडे होती, पण डोक्यात घुमत होतं ते 'आजी'. खाटेवर पडली होती ती तिची थोरली जाऊ. चांगली नऊ वर्षांनी थोरली. तिला ही पोर मघापासून 'मॅडम, मॅडम' करत होती. थोरली ती मॅडम आणि धाकटी ती आजी, हा कुठला न्याय! बरं, पोरीवर रागावून तरी काय उपयोग? तिला दिसलं तसं ती बोलली होती.

"सत्ये, हायस ना गो?" बायजानं पडल्या पडल्या विचारलं.

"हाय."

"कुठं जाऊ नको. मला भ्याव वाटतंय."

मुलीनं बायजाच्या गालावर गार, चिकट काहीतरी थापलं आणि यंत्राचं तोंड त्यावर टेकवलं. टक् असा आवाज झाला. भिंत क्षणभर लख्ख पांढरी झाली आणि फोटोतली बाई दिसेनाशी झाली. बायजा "आय गो!" म्हणून कळवळली. मग पुन्हा टक्. केस जळल्यासारखा बारीकसा वास सुटला. सत्यवतीच्या मनात आलं, भाज, चांगली भाज. आणि लगेच वाटलं, शी! दुखतंय बिचारीला, आणि आपण हे काय मनात आणतो. दोन्ही मनापासून वाटत होतं, त्याला ती काय करणार?

पुतण्याच्या, निकेतच्या लग्नाची तारीख ठरली आणि बायजानं हे दिव्याचं खूळ घेतलं. लग्नात फोटो निघणार, व्हिडिओ निघणार, अलिबागची सोयरीक, शिकलीसवरलेली माणसं. गालांवरचे उन्हाचे काळे डाग, कपाळावरची जाळी, सगळं या दिव्यानं जातं म्हणे. पण डोळे झाकून एकटीनं पडून राहायची तिची छाती होईना. नवरा ट्रकांच्या मागे, दोन्ही मुलगे ट्रकांच्या मागे. मग लग्नाच्या खरेदीचं निमित्त करून तिनं गावाहून धाकट्या जावेला पनवेलला बोलावून घेतलं होतं. साड्या बघायला म्हणून आलेली सत्यवती अशी पर्स धरून भिंतीकडे बघत बसली होती.

सगळं झाल्यावर डॉक्टरीण आली. लहानशीच होती, सत्यवतीच्या लेकीच्या, प्रणालीच्या वयाची. तिनं बायजाचं तोंड निरखलं आणि सूचना दिल्या. डाग आधी काळे पडतील, मग खपल्या होऊन आपोआप गळतील. नख लावायचं नाही आणि उन्हात जायचं नाही. बायजा आरशात लाल झालेलं तोंड बघण्यात दंग होती. सत्यवतीनं तेवढ्यात धीर केला.

"डॉक्टरीणबाई, ह्ये माझ्या तोंडाला चालंल?"

डॉक्टरिणीनं तिला खिडकीशी नेलं. हनुवटी धरून इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मग मऊ आवाजात म्हणाली, "काकू, हा दिवा काळा रंग शोधतो. मॅडम गोऱ्या आहेत, त्यांच्या कातडीवर डाग वेगळा उठून दिसतो. म्हणून तो नेमका डागालाच धरतो. तुमचा मुळातला रंगच सावळा, त्यात एवढी वर्षं ऊन खाल्लेलं. तुमच्या बाबतीत तो डाग सोडून सगळ्या तोंडालाच धरेल. भाजेल तुम्हाला. तुम्हाला मी मलम लिहून देते. आणि ऊन टाळा."

ऊन टाळा! सत्यवतीला हसूच आलं. जन्म गेला, आणि ही आता सांगतेय.

"नको मलम," ती म्हणाली. "मी आपलं सहज इचारलं."

गाडीत बायजा तोंडावर पदर घेऊन बसली होती. पदराआडून म्हणाली, "तुला पण करून घ्यायचं होतं का गो? आधी बोलली असतीस तर..."

"मला काय करायचंय? माझं काय लगीन हाय?"

खरं सांगायचं तर ती जळत होती. पोटातून जळत होती. दिवा बायजाच्या गालावर पडला होता आणि चटका बसला होता सत्यवतीला.

आणि का जळू नये? दोघी एकाच घरात सुना म्हणून आल्या. खाडीकाठचं गाव, घरचं मिठागर. फळीनं मीठ ओढायचं, टोपल्या भरायच्या, डोक्यावरून राशीला नेऊन टाकायच्या. मिठागरात ऊन वरून पडतं तेवढंच खालूनही उठतं. पाण्यावरून आणि मिठावरून उलटं तोंडावर येतं. पदर कितीही पुढे ओढा, डोकं वाचेल, तोंड वाचत नाही. बायजानंही ते ऊन खाल्लं होतं, नाही असं नाही. पण तिच्या नवऱ्यानं, दयारामनं, पहिला ट्रक घेतला आणि ती पनवेलला गेली. सत्यवतीच्या नवऱ्याला, सदाला, मिठागर सोडवेना. मग समुद्रानं बांध फोडून मिठागर खाऊन टाकेपर्यंत सत्यवतीनं ते ऊन खाल्लं.

तेही एक वेळ ठीक होतं. ज्याचं त्याचं नशीब. पण निकेत?

निकेत हा सगळ्यात धाकट्या दिराचा, रघूचा मुलगा. त्याची आई बाळंतपणातच गेली. तेव्हा सत्यवतीची प्रणाली अंगावर पीत होती. सत्यवतीनं कुणाला विचारलं नाही, कुणी तिला सांगितलंही नाही. तिनं त्या उघड्या पोराला पदराखाली घेतलं. एका बाजूला प्रणाली, एका बाजूला निकेत. त्याचा ताप, त्याच्या कांजिण्या, त्याचं शाळेत मारामाऱ्या करून येणं, सगळं तिच्या घरात झालं. दहावीला त्याला बरे मार्क पडले आणि एका सकाळी बायजा गाडी घेऊन दारात उभी राहिली. पोराची हुशारी इथं वाया जाईल, म्हणाली. चुकीचं काही बोलली नाही. त्याला इंजिनियर केलं तिनंच. पण पोर गेलं ते गेलंच. सुटीला यायचं आणि 'मोठी आई असं म्हणते, मोठी आई तसं म्हणते' करायचं. बायजा 'मोठी आई' आणि सत्यवती 'काकी'. घरातली सगळी पोरं तिला काकीच म्हणायची, तसा तोही म्हणायचा. त्यात त्याच्या मनात काही नव्हतं, पण तिच्या मनात होतं.

साखरपुड्यापर्यंत बायजाच्या बऱ्याच खेपा झाल्या होत्या. खपल्या गळून खाली नवं तोंड निघालं होतं. अलिबागच्या हॉलमध्ये ती उतरली तेव्हा सत्यवतीलाच क्षणभर वाटलं, ही कोण? लग्न होऊन आली तेव्हाची बायजा तिला आठवली. गोरटेली, तुकतुकीत. तेव्हा सासू म्हणायची, थोरली सून दिव्यासारखी आणलीय. धाकटीबद्दल सासू म्हणायची, कामाला बरी आहे.

नवरीची आई किशोरी शाळेत मास्तरीण होती. हळदीकुंकू लावता लावता तिनं बायजाला विचारलं, "दोघींत तुम्ही धाकट्या ना?"

बायजा हसली. नुसती हसली. मग म्हणाली, "चला, जेवायचं बघू या. माणसं खोळंबलीत."

"नाही, पण काय हो लावता तोंडाला?" किशोरीनं सोडलं नाही.

"काही नाही हो. मन आनंदी ठेवायचं."

मन आनंदी ठेवायचं! पनवेलच्या दिव्याचं नाव काही तोंडातून निघालं नाही. सत्यवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगावं, विहीणबाई, ही माझ्याहून नऊ वर्षांनी थोरली आहे आणि हिचं मन कसं आनंदी होतं ते मी भिंतीकडे तोंड करून ऐकलंय. पण सोयऱ्यांच्या दारात असलं बोलायचं नसतं. जेवणातली बासुंदीसुद्धा तिला गोड लागली नाही.

घरी आल्यावर तिनं बटाटा किसला आणि त्याचा रस तोंडाला लावून बसली. दुसऱ्या दिवशी मसुरीचं पीठ आणि दही. सदा जेवायला बसला तेव्हा म्हणाला, "बटाट्याची भाजी हाय का आज?"

"न्हाय. बटाटा संपला."

"काल तर आणलाय."

"संपला म्हणते ना."

तोंड होतं तसंच राहिलं. बटाट्यानं जायला ते काय कालचं ऊन होतं?

लग्न पंधरवड्यावर आलं आणि ओटीवर तिघं भाऊ बसले. दयाराम मुद्दाम पनवेलहून आला होता. सत्यवती आत पापलेट तळत होती आणि कान बाहेर होते. त्यांच्यात नवऱ्याला पहिली हळद आई लावते. आई नसली तर घरातली थोरली. पहिली हळद जिच्या हातची, ती त्या लग्नात आई. मांडवात पुढे तीच, सून उंबऱ्यावरून आत घेणारी तीच. म्हणजे यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तरी सत्यवतीला आपली आशा होती. रघू बोलेल. पोर कुणाच्या अंगावर वाढलं हे बापाला तरी आठवेल.

"थोरल्या वयनीनं लावावी," रघू म्हणाला. "रीत हाय तशी."

"रीतच हाय," सदा म्हणाला.

तव्यातलं पापलेट एका बाजूनं करपलं. तिनं ते तसंच उलटलं आणि रघूच्या पानात वाढलं.

सगळे गेल्यावर तिनं सदाला गाठलं. "रीत काय? दूध पाजायच्या वेळंला कुठं गेलती रीत? तवा थोरली कुठं होती?"

"अगो, पण ती थोरली हाय ना. त्याला मी काय करू?"

"थोरली! तिचं तोंड बघ नि माझं तोंड बघ. कोण म्हणंल तिला थोरली?"

सदा भाबडा माणूस. त्यानं खरंच तिच्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिला, आणि काहीतरी बरं बोलायला हवं हे त्याच्या लक्षात येईस्तोवर उशीर झाला होता.

"तू आपली चांगली हायस," तो म्हणाला.

"जा, झोप जा," ती म्हणाली.

गावची धवलारीण अंथरुणाला खिळली होती. त्यांच्या लग्नात भटजी असो वा नसो, धवले गाणारी बाई लागतेच. तिच्या गाण्याशिवाय हळदीचा हात हलत नाही. मग रेवदंड्याच्या बाजूनं जनीबाई म्हणून एकीला बोलावलं. हळदीच्या दिवशी ती लवकरच आली. बुटकी, टणक बाई, नाकात नथ, आवाज असा की पलीकडच्या आळीत ऐकू जावा. चहा पिता पिता म्हणाली, "घरातल्या बायांची नावं सांग गो. धवल्यात घालायला लागतील."

"मी सत्यवती," सत्यवती म्हणाली. "आन ती बायजा."

असं सांगितलं तिनं. आपलं नाव आधी आणि तिचं मागून. थोरली कोण, धाकटी कोण, ते जनीबाईनं विचारलं नाही आणि हिनंही सांगितलं नाही. बशीतला चहा संपेपर्यंत सांगायला भरपूर वेळ होता. सत्यवतीनं तिला चहात बुडवायला आणखी एक बटर दिला.

बायजा मात्र अजून पनवेलहून पोचलीच नव्हती. उन्हं कलल्याशिवाय तिला गाडीतून उतरायचं नव्हतं.

रात्री डीजे लागायचा होता, पोरांचं नाचणं व्हायचं होतं. त्याआधी, दिवस असतानाच, मांडवात खरी हळद बसली. निकेत पाटावर बसला, उघड्या अंगानं, खांद्यावर पांढरा पंचा. बायका दाटीवाटीनं गोल बसल्या. उष्टी हळद न्यायला किशोरी आणि तिच्याकडच्या दोघी-तिघी गाडी करून आल्या होत्या. त्यांना पुढे खुर्च्या दिल्या. बायजा हळदीच्या ताटाशी येऊन उभी राहिली. पिवळी पैठणी, आणि तोंड असं की मांडवाच्या कापडाचा पिवळा रंग त्यावर उमटत होता. तिच्या शेजारी सत्यवती उभी राहिली, कारण ताट तिलाच धरायचं होतं.

जनीबाईनं धवला उचलला. गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं बोलावलं. निकेतच्या आईचं नाव आलं तेव्हा रघूनं मान फिरवली. धवला एकदा उठला की मध्ये तोडायचा नाही, ही तिथली रीत. तोडला तर नवऱ्याला बाधतो म्हणतात. त्यामुळे सगळ्या चिडीचूप. जनीबाई गाता गाता थोरल्या आईला हाक घालू लागली. थोरली ये गो, पहिला हात लाव गो. गाता गाता तिनं त्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि सत्यवतीचं मनगट धरून तिचा हात हळदीच्या वाटीत बुडवला.

बायकांमध्ये एक हालचाल झाली. कुणी कुणाला कोपरानं ढोसलं. कुणी पदर तोंडाशी धरला. पण बोललं कुणी नाही, बोलायचं नव्हतंच. सगळ्यांच्या नजरा गेल्या बायजाकडे. सत्यवतीनंही पाहिलं. बायजा किशोरीकडे बघत होती आणि किशोरी कौतुकानं हसत होती. तिच्या हिशेबानं सगळं रीतसर चाललं होतं. थोरली हळद लावत होती आणि धाकटी शेजारी उभी होती.

बोल ना, सत्यवती मनात म्हणाली. आता बोलून दाखव. सांग तुझ्या विहिणीला, मी थोरली म्हणून.

ती बोलणार नाही, याची सत्यवतीला खात्री होती. इतक्या वर्षांची जाऊ, तिला ती नखशिखांत ओळखत होती. बायजा मान सोडेल, पण तोंड सोडणार नाही. सत्यवतीला केवढा आनंद झाला! पोर माझं. सगळ्या गावासमोर, रीतीनं, धवल्यानं माझं. आणि त्या आनंदाच्या खालीच काहीतरी कचकन टोचलं. परक्या गावच्या बाईनं दोन तोंडं पाहिली होती आणि त्यातलं हे उचललं होतं. दूध कुणी पाजलं हे तिला कुठं माहीत? हा मान मिठानं खाल्लेल्या कातडीला मिळाला होता. तर मिळू दे! कशामुळे का मिळेना, मिळाला ना? सत्यवतीनं ते टोचणं गिळून टाकलं, हात भरून हळद घेतली आणि निकेतच्या गालाकडे नेली. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"थांब गो, जनीबाय!"

धवला तुटला. मांडवात कुणीतरी "अगो बाई!" म्हणालं. रघूची म्हातारी आत्या मागून ओरडली, "अगो बायजे, धवला तोडलास?"

"तुटू दे," बायजा म्हणाली. "खोट्यावर धवला गायचा काय?" तिचा आवाज पनवेलचा राहिला नव्हता. "थोरली मी हाय, जनीबाय. हिच्याहून नऊ वर्सांनी थोरली. तोंडावर जाऊ नको. ह्ये तोंड पनवेलला दिव्यानं भाजून आणलंय."

आधी कुणाला कळेचना हसावं की काय. मग एक हसली आणि सगळा मांडव हसायला लागला. जनीबाई जीभ चावून उभी राहिली. किशोरी खुर्चीतून अर्धी उठली. "अहो, पण साखरपुड्याला मी विचारलं तेव्हा..."

"तवा गप बसले, विहीणबाई. खरं सांगायची लाज वाटली. आज गप बसले असते तर त्याहून वाईट झालं असतं."

बायजाचं ते उजळ तोंड लाल झालं होतं, अगदी त्या दिवशी खाटेवरून उठली तेव्हासारखं. पण तिनं ते कुणापासून झाकलं नाही.

सत्यवतीचा हात तसाच हवेत राहिला होता. बोटांवरून हळद कोपरापर्यंत ओघळत होती. तिला वाटलं, चोरी पकडली गेली. आणि त्याहून वाईट म्हणजे बायजाला आपण ओळखलंच नव्हतं. ही तोंड सोडून देईल, पोरासाठी सोडून देईल, हे आपल्या हिशेबात कधी आलंच नाही. तिनं हात मागे घेतला. पुसायला काहीतरी शोधू लागली.

बायजानं ते मनगट धरलं.

"थोरलीचा मान ना?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मग तो कुणाला द्यायचा, ते थोरलीनं ठरवायचं. सत्ये, लाव हळद. दूध तू पाजलंस, हळद पण तूच लाव."

"मी कशाला?" सत्यवती म्हणाली. "तू लाव. रीत हाय."

"थोरलीचं ऐकायचं, ही पण रीतच हाय."

पुन्हा हसू उठलं, आणि या वेळी त्यात बायकांचे डोळेही भरले. सत्यवतीला वाटलं, पळून जावं. क्षणापूर्वी हेच तिचं होतं. चोरीचं का असेना, पण तिचं होतं, कुणाच्या उपकाराचं नव्हतं. आता तेच बायजाच्या हातून आलं होतं, सगळ्या गावाला दाखवून. तिनं बायजाच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं कुठंतरी ढोंग सापडेल म्हणून नीट पाहिलं. ढोंग असतं तर बरं झालं असतं, ढोंगाशी भांडता येतं. पण बायजा खरंच रडत होती. नवं तोंड ओलं झालं होतं आणि नाक गळत होतं.

जनीबाईनं नवा धवला उचलला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

सत्यवती निकेतच्या समोर बसली. तिनं त्याच्या उजव्या गालाला हळद लावली. दाढी कोरून घेतली होती, पण गाल तोच होता, कांजिण्यांचा एक लहानसा खड्डा असलेला. तिचा हात कानामागे गेला, मानेवर गेला, परत गालावर आला. घाई करायची नाही, असं तिनं कधीचं ठरवलं होतं. पाठीमागे बायका बोलत होत्या. "थोरली असावी तर अशी." "मन लागतं गो त्याला." किशोरी खुर्ची सोडून बायजाजवळ जाऊन उभी राहिली होती, तिचा हात हातात घेऊन. सगळा मांडव तिकडेच बघत होता.

सत्यवतीनं मान वर केली. निकेतनं डोळे उघडले होते. ते भरून आले होते. उजवा गाल तिच्या हळदीनं पिवळाधमक झालेला, आणि तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बायजाकडे बघत होता.

तिनं वाटीत हात घातला, आणखी हळद घेतली. मग त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"इकडं बघ," ती म्हणाली. "दुसरा गाल राहिलाय."